शेवटच्या रांगेचं गणित

(टी. ई., ई. अँड टीसी, गर्ल्स हॉस्टेल)

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये दोनच गोष्टी जोरात चालतात. एक म्हणजे प्रिंटर, आणि दुसरी म्हणजे झेपेलिन भारी की फ्लॉइड भारी हा वाद! मुद्दे वर्षानुवर्षं तेच. कुणाचा सोलो फास्ट, कुणाचा आवाज वरपर्यंत जातो, कुणाचा टी-शर्ट जास्त विटलेला. यातून निकाल लागत नाही, कारण मोजायची पट्टीच कुणाकडे नसते. म्हणून मी या लेखात एक पट्टी सुचवते. या सगळ्या बँड्सना 'अरेना रॉक' म्हणतात ना? मग अरेनातल्या शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी कुणी काय केलं, ते बघू या.

आधी अरेना म्हणजे काय? पंधरा-वीस हजार माणसं मावतील असं छप्पर असलेलं क्रीडागृह. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन घ्या. बास्केटबॉल आणि आइस हॉकीसाठीच्या जागा या. गाण्याचा विचार करून कुणी त्या बांधल्या नव्हत्या. स्टेडियम म्हणजे त्याहून मोठं आणि उघडं. १९७० च्या दशकात रॉक संगीत क्लब आणि थिएटर सोडून या जागांमध्ये शिरलं. जागा गाण्यासाठी नाही आणि गाणं जागेसाठी नाही, इथून सगळी गंमत सुरू होते.

पहिला मोठा प्रयोग बीटल्सचा. १५ ऑगस्ट १९६५, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, प्रेक्षक सुमारे ५५,६००. आणि आवाजाची व्यवस्था? शंभर वॉटचे व्हॉक्स अँप्लिफायर, आणि गायनासाठी स्टेडियमचीच साऊंड सिस्टीम, म्हणजे जिच्यावरून एरवी बेसबॉलच्या सामन्यात घोषणा होतात ती! त्यात पोरींच्या किंकाळ्या. रिंगोला ड्रम वाजवताना बाकीच्यांचं ऐकू येत नव्हतं, त्यांच्या हालचाली बघून तो अंदाज घ्यायचा. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांचा तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर जगातल्या सर्वात लोकप्रिय बँडने दौरेच बंद केले.

आता जरा एफ. ई. चं फिजिक्स. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. स्पीकरपासून ५ मीटरवर पहिली रांग आणि ८० मीटरवर शेवटची असेल, तर अंतर सोळापट, म्हणजे चारदा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबलची घट. मागच्याला पुढच्याइतकंच ऐकू यायला हवं असेल तर पॉवर साधारण अडीचशे पट वाढवा. पण तसं केलंत तर पहिल्या रांगेतल्यांचे कान गेले! शिवाय आवाज सेकंदाला जेमतेम ३४५ मीटर चालतो. शंभर मीटरवरच्या माणसाला ड्रमचा ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्धा सेकंद. म्हणजे स्टेजवर अर्ध्याहून जास्त ठोका पुढे गेलेला असतो.

निवडणुकीच्या सभेला मैदानाच्या मागे उभे राहिलात तर एकेक शब्द दोन-दोनदा ऐकू येतो, आठवतंय? जवळच्या खांबावरचा भोंगा तारेतून लगेच बोलतो आणि स्टेजचा आवाज हवेतून रमतगमत येतो. यावर इलाज सोपा आहे: ६० मीटरवर स्पीकरचा दुसरा मनोरा उभा करा आणि त्याला दिलेला सिग्नल मुद्दाम १७५ मिलिसेकंद उशिरा सोडा. त्यात आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घातले तर कान फसतो आणि आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. याला हास इफेक्ट म्हणतात. २८ जुलै १९७३ ला अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला जवळजवळ सहा लाख माणसं जमली, तेव्हा असे डिलेचे मनोरे वापरले गेले होते. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीत डीजेवाले स्पीकरच्या भिंतीच्या भिंती रचतात, पण त्यात हे गणित नसतं, नुसता दणदणाट असतो... असो!

भिंतीवरून ग्रेटफुल डेड आठवले. हे लोक खऱ्या अर्थाने अरेना रॉकवाले नाहीत, गाणी लांबच लांब आणि निवांत. पण १९७४ मध्ये त्यांनी 'वॉल ऑफ साऊंड' उभारली ती आम्हा ई. अँड टीसीवाल्यांसाठी तीर्थक्षेत्र आहे. सुमारे सहाशे स्पीकर, वजन ७५ टनांच्या आसपास, कल्पना मुख्यतः आऊझली स्टॅन्ली या इसमाची. प्रत्येक वाद्याला स्वतःचे वेगळे स्पीकर, आणि सगळी भिंत बँडच्या मागे! त्यामुळे वादकांना तेच ऐकू यायचं जे लोकांना. आता तुम्ही म्हणाल, स्पीकर माइकच्या मागे ठेवला तर शिट्टी वाजणार. त्यावरचा तोडगा असा: प्रत्येक गायकापुढे दोन माइक, एकावर एक, उलट फेजमध्ये जोडलेले. गायचं एकातच. भिंतीचा आवाज दोन्ही माइकमध्ये सारखा शिरतो आणि वजा होऊन जातो, गायकाचा आवाज मात्र एकातच असल्याने शिल्लक राहतो. व्हायवाला 'कॉमन मोड रिजेक्शन' विचारलं तर हे उदाहरण द्या, एक्स्टर्नल खूश होतील. उभारायला इतका वेळ लागायचा की स्टेजचे दोन संच ठेवून आळीपाळीने पुढच्या गावी पाठवावे लागत. खर्च झेपेना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर बँडने दौऱ्यांतून विश्रांती घेतली आणि भिंत मोडीत निघाली.

लेड झेपेलिनने यंत्रापेक्षा रचनेवर भर दिला. ५ मे १९७३ ला फ्लोरिडातल्या टॅम्पा स्टेडियममध्ये ५६,८०० लोकांपुढे वाजवून त्यांनी बीटल्सचा विक्रम मोडला. झेपेलिन इतकं का पोचतं, तर जॉन बॉनमच्या ड्रम्समुळे. छपराखालच्या अरेनात आवाज घुमत राहतो. सबाइनचं सूत्र आठवा, आकारमान वाढलं आणि शोषण कमी असलं की रिव्हर्बरेशन टाइम वाढतो, दोन-तीन सेकंदही होतो. अशा जागेत कुणी सेकंदाला आठ स्वर वाजवले तर पंधरा-सोळा स्वर एकमेकांवर चढतात आणि खिचडी होते. बॉनमचे ठोके जड, ठाम आणि मध्ये जागा सोडणारे. १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तर त्याचे ड्रम एका जुन्या इंग्लिश घराच्या प्रवेश-दालनात ठेवून माइक वर जिन्यात टांगले होते. म्हणजे रेकॉर्डमध्येच मोठी जागा ऐकू येते. फास्ट सोलोवर भांडणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं: अरेनात फास्ट वाजवणं हा गुण नाहीच.

एसी/डीसीला हे सर्वात चांगलं कळलं होतं. माल्कम यंगच्या रिफमध्ये वाजवलेलं जितकं महत्त्वाचं तितकंच न वाजवलेलं. दोन फटक्यांमधली शांतता अरेना स्वतःच्या घुमण्याने भरून काढतो. १९८० मध्ये आधीचा गायक बॉन स्कॉट गेल्यानंतर काही महिन्यांत आलेला 'बॅक इन ब्लॅक' ऐका. त्यांनी स्टेजसाठी जवळजवळ एक टनाची खरी घंटा ओतून घेतली होती. शेवटच्या रांगेतून गिटारवाल्याची बोटं दिसत नाहीत, घंटा दिसते. जर्नीवाले स्लो गाणी आणि स्टीव्ह पेरीच्या लांबवलेल्या स्वरांनी हेच साधतात. मला ते थोडे गोडमिट्ट वाटतात, पण पोचतात हे कबूल.

बोस्टन हा बँड इथे मी पक्षपाताने घालते आहे. टॉम शोल्झ एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनीअर, मास्टर्ससुद्धा तिथलंच. पोलरॉइड कंपनीत नोकरी, आणि संध्याकाळी घराच्या तळघरात स्वतः बनवलेल्या, सुधारलेल्या यंत्रांवर रेकॉर्डिंग. एकाच माणसाने गिटारवर गिटार चढवत बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली. १९७६ मध्ये तो पहिला अल्बम आला आणि एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रती खपल्या. स्टेडियमभर पसरणारा आवाज एका तळघरात जन्मला! पुढे १९८० च्या दशकात त्याने रॉकमन नावाचा हेडफोनवर चालणारा छोटा गिटार अँप्लिफायरही काढला. फायनल इयर प्रोजेक्ट असावा तर असा. पण स्टेजवर? स्टेजवर बोस्टन म्हणजे रेकॉर्डची हुबेहूब कॉपी करण्याचा प्रयत्न. शेवटच्या रांगेसाठी वेगळं काही नाही. त्यामुळे माझ्या लाडक्या इंजिनीअरला इथे मार्क कमी.

आता फ्लॉइड. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिक राइट हे तिघं लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकताना भेटले. १९६७ मध्येच त्यांनी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये 'अझिमथ को-ऑर्डिनेटर' नावाची पेटी वापरली होती. तिच्यावरची दांडी फिरवली की आवाज हॉलभर गोल फिरायचा. म्हणजे कुठल्याही रांगेतला माणूस आवाजाच्या मध्यभागी. अंतराचा प्रश्नच खलास!

पण स्टेडियममध्ये हा बँड दुःखी झाला. ६ जुलै १९७७ ला माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पुढे आरडाओरडा करणाऱ्या एका प्रेक्षकावर वॉटर्स चक्क थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि त्यातून 'द वॉल' निघाला. १९८०-८१ मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड या चारच ठिकाणी मिळून ३१ प्रयोग झाले. कार्यक्रम चालू असताना पुठ्ठ्याच्या विटांची सुमारे १२ मीटर उंच भिंत बँड आणि लोकांमध्ये रचत जायची. मध्यंतरापर्यंत बँड दिसेनासा! आर्किटेक्ट मार्क फिशर यांनी हे डिझाइन करायला मदत केली होती. मला हे फार प्रामाणिक वाटतं. बाकीचे बँड अंतर लपवतात, यांनी ते बांधून दाखवलं. पण विनोद बघा: २०१० ते २०१३ मध्ये वॉटर्सने तीच भिंत घेऊन २१९ प्रयोग केले, आणि त्यातले पुष्कळ स्टेडियममध्ये.

आणि आता क्वीन. ब्रायन मे लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा फिजिक्सवाला. पीएच.डी. १९७४ मध्ये सोडली ती २००७ मध्ये पूर्ण केली (बॅकलॉगवाल्यांनो, धीर धरा). त्याची गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवली, तिच्या मानेचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसचं आणि आतल्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या. बासवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, तोही फर्स्ट क्लास. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्याने एक छोटा अँप बनवला, तो क्वीनच्या रेकॉर्डवर वाजतो. म्हणजे चारातले दोन आपलेच. आणि गायक? फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बुलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, शाळा आपल्या पाचगणीची सेंट पीटर्स. पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथेच निघाला, शाळेत पियानो वाजवायला. महाबळेश्वरला जाताना स्ट्रॉबेरी क्रीमसाठी थांबतो आपण, तेव्हा हे कुणाच्या लक्षात असतं?

१९७७ मध्ये इंग्लंडमध्ये बिंगली हॉलच्या एका कार्यक्रमानंतर लोक आपणहून फुटबॉलच्या मैदानावरचं एक गाणं गाऊ लागले. मे विचारात पडला की या दाटीवाटीत उभ्या असलेल्या माणसांना वाजवता काय येईल? पाय आपटता येतील आणि टाळी वाजवता येईल. बस्स. त्यातून 'वुई विल रॉक यू' आलं. ड्रम नाहीत, बास नाही, शेवटी फक्त गिटार. दोनदा पाय, एकदा टाळी. रेकॉर्ड करताना त्याने थोड्या लोकांचे ठोके वेगवेगळ्या उशिराने एकमेकांवर चढवले आणि ते उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले. मूळ संख्यांना सामाईक अवयव नसतो, त्यामुळे प्रतिध्वनी एकावर एक जुळत नाहीत आणि गर्दी पसरल्यासारखी ऐकू येते. एम-थ्री शिकवताना कुणी हे का सांगत नाही?

पुढचं गणित माझं. गाण्याचा वेग मिनिटाला साधारण ८१ ठोके. टाळीनंतर पुढचा पाय पडेपर्यंत सुमारे ०.७४ सेकंद मोकळे. शंभर मीटर मागच्या माणसाला ठोका ०.२९ सेकंद उशिरा पोचतो, त्याची टाळी स्टेजपर्यंत परतायला आणखी ०.२९. बेरीज ०.५८. म्हणजे शेवटच्या रांगेतली टाळी त्या मोकळ्या जागेत बरोब्बर मावते! बाकीच्यांनी उशीर घालवायचा प्रयत्न केला. क्वीनने त्याला बसायला जागा दिली.

याची परीक्षा १३ जुलै १९८५ ला झाली. लंडनच्या वेंब्लीला लाइव्ह एड, सुमारे ७२,००० लोक, दिवसाउजेडी. क्वीनची ख्याती प्रकाशयोजनेची, आणि त्या दिवशी लाइट्सचा उपयोग शून्य. मिळालेली वेळ वीस-एकवीस मिनिटं. फ्रेडीने अर्धवट माइक स्टँड हातात घेतला, लोकांकडून नुसत्या आलापांची उत्तरं वदवून घेतली, 'रेडिओ गा गा'ला डोक्यावरून टाळ्या वाजवून घेतल्या. पूर्ण स्टेडियम वाद्य झालं. ते व्हिडिओ कॉमन रूममध्ये कितव्यांदा बघितला तरी मेसची घंटा ऐकू येत नाही. माझ्या लिस्टमध्ये क्वीन पहिले, फ्लॉइड दुसरे, एसी/डीसी तिसरे. झेपेलिनवाल्यांनी जेवणाच्या लाइनमध्ये भांडायला यावं.

इतका वेळ मी असं धरून चालले की शेवटच्या रांगेतला माणूस जागेवर उभा राहतो. तो राहत नाही. त्याला पहिल्या रांगेत यायचं असतं. ३ डिसेंबर १९७९, अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर, रिव्हरफ्रंट कोलिझियम, बँड द हू. बहुतेक तिकिटांवर जागेचा नंबर नव्हता, जो आधी शिरेल तो पुढे. हजारो पोरं थंडीत दारापाशी ताटकळलेली, उघडलेली दारं थोडीच. आतून संगीताचा आवाज आला, कार्यक्रम सुरू झाला असं वाटलं आणि मागून रेटा आला. ११ जण गुदमरून मेले, वय १५ ते २७. आत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला, बँडला नंतर सांगितलं. शहराने नंबर नसलेल्या जागांवर बंदी घातली ती २००४ पर्यंत टिकली.

अशा वेळी आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो आणि लोक पळत सुटले असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण यात माणसं बरेचदा उभ्या उभ्या मरतात, छाती फुगवायला जागा उरत नाही म्हणून. जॉन फ्रुइन या अभ्यासकाने मांडलंय की चौरस मीटरला साधारण सात माणसं झाली की गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागते. दाब पुढे जातो, बातमी मागे येत नाही. मागच्याला माहीतच नसतं की पुढे कुणी पडलंय. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण असेच गेले, आणि तिथे तर गाणंबिणंही नव्हतं. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या कुसॅट विद्यापीठात टेक फेस्टच्या संगीत कार्यक्रमाला पाऊस आला, बाहेरचे ओपन एअर थिएटरकडे धावले आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर चार जण मेले. टेक फेस्ट होता तो. आपल्यासारख्या पोरापोरींचा.

म्हणून आम्ही तिघी टेप घेऊन आपल्या गॅदरिंगचं मैदान मोजून आलो. स्टेज आणि मंडप सोडून जागा २० बाय ३० मीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर. मागच्या वर्षी पास २,५०० वाटले होते. भागाकार करा: चौरस मीटरला चारच्या वर. आणि सगळे सारखे पसरत नाहीत, स्टेजपुढे दाटतात. फाटक एकच, दोन मीटर रुंद. सपाट जागी एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडू शकतात. मैदान रिकामं व्हायला पंधरा मिनिटांच्या वर! मागच्या बाजूचं दुसरं फाटक आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते रेक्टर मॅडमनाही सांगता आलं नाही. हे आकडे आम्ही गॅदरिंग कमिटीला लेखी दिलेत. उत्तर यायचंय.

यूटूबद्दल दोन शब्द राहिले. एजची गिटार म्हणजे प्रतिध्वनीचं पेटंटच, एकदा वाजवतो आणि डिलेचं यंत्र तालात पुढचं वाजवतं. मोठ्या जागेत इको येणारच, मग तोच गाण्यात घेतला. २००९ ते २०११ च्या '३६०°' दौऱ्यात त्यांनी स्टेज मैदानात उघडं ठेवलं, चारी बाजूंनी लोक, वर सुमारे ५० मीटर उंच चार पायांचा सांगाडा. त्याचं डिझाइन करणाऱ्यांत पुन्हा मार्क फिशरच! असे तीन सांगाडे होते, एकावर कार्यक्रम चालू असताना बाकीचे पुढच्या शहरांत उभे राहत किंवा मागच्या शहरात उतरत. ग्रेटफुल डेडचीच युक्ती, फक्त आता खिशात पैसे होते: ७० लाखांहून जास्त तिकिटं खपली. भारतात ते १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आले.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या मोठ्या कॉन्सर्टला जाणार असाल तर पहिल्या रांगेसाठी पहाटेपासून लाइन लावू नका. साऊंड इंजिनीअरचं टेबल मैदानात जिथे असतं त्याच्या आसपास उभे राहा. तो माणूस स्वतःला जे ऐकू येतं त्यावरूनच आवाज लावतो, म्हणजे तिथलं मिक्स आपोआप सर्वात चांगलं, आणि गर्दीचा दाबही स्टेजपुढच्यापेक्षा कमी. कानात फोमचे इअरप्लग घाला. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये कानांपायी दौरा अर्ध्यात सोडावा लागला होता. इअरप्लग मेडिकलच्या दुकानात मिळतात, एका वडापावच्या आसपास किंमत.